हुडकेश्वरचं सासर

खापा,
२४ फेब्रुवारी २०२५

वैदेहीबाई,

मी गोपिका, दामिनीची वहिनी. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुम्ही मला दोनदा चहा आणून दिला होता, त्यामुळे ओळख सांगायची गरज नाही, तरी सांगते. तुमचा पत्ता दवाखान्याच्या फाइलीवर मिळाला. तिथं रुग्णाचा पत्ता म्हणून तुमचंच घर लिहिलेलं आहे.

कामाचं लिहिते. दामिनीला खाप्याला आणून तीन आठवडे झाले. ती जेवत नाही. तोंड घट्ट मिटून घेते. जबरदस्तीनं घास दिला तर अर्धा बाहेर येतो आणि उरलेल्याचा ठसका लागतो. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं, पण डाव्या हातात अजून चांगलीच ताकद आहे. काल तिनं वाटी उडवली, ती माझ्या कपाळाला लागली. मी सकाळी अंगणवाडी करते, बत्तीस लेकरांना खिचडी भरवते आणि घरी येऊन या त्रेपन्न वर्षांच्या लेकराला भरवायला बसते. माझी कंबर मोडली आहे. बाई रागावून लिहिते आहे असं वाटलं तर तसंच समजा.

तुमच्याकडे ती काय खायची, कशी खायची, एवढं कळवा. बाकी मला काही विचारायचं नाही. फोन करू नका. माझा फोन आमचे हे, म्हणजे तिचे भाऊ रुपराव, रोज उघडून पाहतात, आणि तुमचं नाव निघालं की घरात दोन दिवस आवाज चढलेला असतो. पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका. पोस्टमन माझ्याच हातात देतो.

गोपिका


हुडकेश्वर, नागपूर
२८ फेब्रुवारी

गोपिकावहिनी,

तुमचं पत्र दुपारी आलं. उभ्यानंच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. सव्वीस दिवसांनी तिची पहिली बातमी कळली ती ही, की तिनं वाटी फेकून मारली. तुमच्या कपाळाबद्दल वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आधी जेवण. फोडणीचं वरण देऊ नका, ते तिला कधीच आवडलं नाही. साधं वरण, भात मऊ कालवून, गुठळी न ठेवता, वर लिंबू. तिखटाची तिला भारी हौस होती, ती आता विसरायची. घास लहान द्या, चमच्यानं, आणि डाव्या गालात. उजव्या बाजूला घास आहे हे तिला कळतच नाही. तो तिथं साठतो आणि मग अचानक घशात उतरतो. ती तोंड मिटते तो हट्ट नाही वहिनी, ती घाबरते. पाठीला दोन उशा लावून सरळ बसवा, मान जराशी खाली. पातळ पाण्याचा ठसका जास्त लागतो, म्हणून ज्वारीची आंबील, घट्टसर ताक असं काहीतरी द्या. आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवी करू नका.

भरवताना बोलत राहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. गप्प माणसं तिला सोसत नाहीत. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीत बसली, अर्धं नागपूर तिच्याशी नळावरून भांडलं. तिला गलका लागतो. काहीही बोला, कोणाची तरी चहाडी करा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक लिहून टाकते, कारण ते मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ती सकाळी दात घासताना पडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ ताबडतोब काढायची, सही करा. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं कागद परत सरकवला आणि म्हणाला, घरचं कोणी बोलवा. रुपरावांना फोन मीच केला. त्यांच्या सहीनं ती वाचली, हे मी कुणापुढेही कबूल करीन. पण त्याच सहीनं डिस्चार्जच्या दिवशी तिला गाडीत घातलं गेलं, आणि मी फाटकाशी तिच्या औषधांची पिशवी धरून उभी राहिले. ड्रायव्हर पिशवी घ्यायला परत आला, तेव्हा तुम्ही गाडीतून माझ्याकडे पाहिलंत. ते मला आठवतं.

तिला दहा मिनिटं भेटता येईल का? अंगणात बसवलंत तरी चालेल.

वैदेही


खापा,
१० मार्च

वैदेहीबाई,

जेवते. चार दिवसांपासून दोन्ही वेळा वाटीभर भात जातो. डाव्या गालाची गोष्ट दवाखान्यातून निघताना आम्हाला कोणी सांगितली असती तर माझं कपाळ वाचलं असतं.

काय बोलायचं तिच्याशी म्हणून अंगणवाडीतल्या लेकरांच्या खोड्या सांगते. परवा एकजण दुसऱ्याच्या खिचडीत शिंकला आणि मग दोघांनी मिळून ती तिसऱ्याला दिली, हे सांगितलं तर हसली. एकाच बाजूनं हसते, पण हसली. मलाही हसू आलं. या घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला, तर हे बाहेरून ओरडले, "काय झालं वं?" मी म्हटलं काही नाही.

भेटायचं जमणार नाही. मी आडून आडून विचारून पाहिलं. म्हणाले, "तिच्यामुळंच माह्या बहिणीचा संसार झाला नाही. तिनं इथं पाय टाकून दाखवावा." आता तुम्ही रागावू नका, पण त्यांचं सगळंच चुकतं असं मलाही वाटत नाही. दोघींनी मिळून घर केलंत, एकीला एकीची सोबत झाली, हे ठीक. पण तिला स्थळं येत होती तेव्हा तुम्ही चार शब्द सांगायला हवे होते. आणि तुमचंही कोणी पाहणारं नव्हतं का? घरचे शिकलेले, भोसल्यांच्या काळापासून नागपुरात महाल भागात राहणारे, असं ऐकलंय. मग तुम्ही काहून अशा राहिलात?

आणखी एक. तिच्या सामानात एक चौकटीचा शर्ट आहे, पुरुषाचा. धुवायला उचलला तरी आरडाओरडा करते. तो कोणाचा आहे? ह्यांना दिसायच्या आत कळवा.

गोपिका


हुडकेश्वर,
१६ मार्च

गोपिकावहिनी,

शर्ट तिचाच आहे. सीताबर्डीवर पुरुषांच्या दुकानातून घेतला, तिथला मुलगा म्हणाला, "काका के लिए क्या?" तर म्हणाली, "नाही, काकूसाठी." घाबरायचं कारण नाही, धुवून टाका, दोन तास ओरडेल आणि गप्प बसेल.

तुम्ही विचारलंत, काहून अशा राहिलात. इतकं सरळ मला आजवर कोणी विचारलं नाही. माझ्या भावांनी नाही, ऑफिसात नाही, शेजारीही नाही. सगळे नजर चुकवून 'तुम्ही दोघी' म्हणत आले. म्हणून तुम्हाला तितकंच सरळ उत्तर देते.

मी तशी राहिले नाही. १९९८ च्या दसऱ्याला दामिनी एक ट्रंक घेऊन एकटी माझ्या भाड्याच्या खोलीवर आली, त्या दिवसापासून माझा संसार चालू आहे, तिच्याशी. मैत्रीण हा शब्द आम्ही लोकांसाठी ठेवला होता. नवरा-बायको जशी असतात तशाच आम्ही आहोत, रुसव्याफुगव्यांसकट. स्थळं आली तेव्हा मी तिला समजवायला हवं होतं म्हणता. मी समजवलं होतं वहिनी, एकदा. तिनं दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तिला नेल्यानंतर मी पोलीस ठाण्यात गेले होते. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एका वकीलबाईंकडे गेले. त्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, हायकोर्टात अर्ज करू, पण ती स्वतः काय म्हणते हे कोर्ट विचारणार. आणि ती तर बोलतच नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आमच्यासारखी माणसं गुन्हेगार नाहीत. २०२३ मध्ये सांगितलं की लग्नाचा हक्क मात्र आम्हाला देता येत नाही, ते संसदेनं पाहावं. पुढच्या वर्षी रेशनकार्डापुरतं अशा दोघांना एक घर धरावं असंही सरकारी पत्र निघालं. म्हणजे तांदूळ एकत्र, माणसं वेगळी.

तिचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या टीव्हीवर थायलंडची बातमी लागली होती. तिथं त्याच दिवशी बायकांची बायकांशी, पुरुषांची पुरुषांशी कायद्यानं लग्नं सुरू झाली. शेकडो जोडपी रांगेत उभी, कोणी कोणाचा बो सरळ करतंय. मी वर्तमानपत्रात पंचवीस वर्षं प्रूफं तपासली. अशा बातम्या आतल्या पानावर तळाला यायच्या, कुठल्या देशात लग्नाला परवानगी, कुठल्या देशात फाशीचा कायदा. मी काना-मात्रा नीट करून पुढे पाठवायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. त्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी "हे काय दाखवून राहिले" म्हणत चॅनल बदललं, आणि मी त्यांनाही काही बोलले नाही. माझं सगळं आयुष्य असं न बोलण्यात दमलं.

हे पत्र जाळलंत तरी चालेल. तिचा घास मात्र थांबवू नका.

वैदेही


हुडकेश्वर,
९ एप्रिल

गोपिकावहिनी,

चोवीस दिवस झाले. तुमचं पत्र नाही, त्याचा अर्थ मला लागतो. मी लिहिलेलं मागे घेणार नाही. तुमच्याकडून उत्तराची अपेक्षाही करणार नाही.

दोनच गोष्टी. दर दोन तासांनी तिची कूस बदलता का? आणि उन्हाळा लागला आहे, तिच्या टाचा पाहा, तिथं कातडी लाल झाली तर जखम व्हायला वेळ लागत नाही. टाचांखाली उशी अशी ठेवा की टाच अधांतरी राहील. उत्तर द्यायचं नसेल तर कोऱ्या पोस्टकार्डावर नुसती तुमची सही टाका. मी समजेन की ती आहे.

वैदेही


खापा,
२० एप्रिल

वैदेहीबाई,

तुमचं मार्चचं पत्र मी बारीक फाडून नालीत टाकलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

घरी आले आणि तिला अंघोळ घालताना माझा हात थबकला. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नुसता घास द्यायचा. ती माझ्याकडे पाहायची आणि मी भिंतीकडे. नवव्या दिवशी तिनं परत तोंड मिटलं. मग मी हरले. दुसऱ्याच्या बोलण्याशिवाय जिला घास उतरत नाही, तिच्यावर राग धरायचा तर त्यालाही ताकद लागते, आणि माझ्यात ती उरलेली नाही. खिचडीच्या गोष्टी परत सुरू केल्या. कूस बदलते. टाच लाल झाली होती, आता उशीवर आहे.

पण तब्येत उतरली आहे. दहा दिवस ताप होता, छातीत कफ साठला. सावनेरचे डॉक्टर येऊन गेले. बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, पुढचा हिवाळा दिसेल असं वाटत नाही. तुमच्यापासून लपवून काय करू.

त्यानंतर महादेवराव आले. हे ह्यांचे चुलते, ऐंशीचे आहेत, भाऊबंदांत त्यांचा शब्द चालतो. आमच्या घराण्यात कुवार माणसाला तसंच जाऊ देत नाहीत. पुरुषाचं रुईशी आणि बाईचं पिंपळाशी लग्न लावून मग पाठवतात, नाहीतर जीव मागे घुटमळतो. हे नेहमी माणूस गेल्यावर, तिरडीवर करतात. पण महादेवराव म्हणाले, "गेल्यावर काय लावता गा रुपराव? जित्यापणी हळद लागू द्या तिले. आपलं झालं म्हणून तिलेही समजंल." हे ऐकून आमचे हे रडले. बहिणीला आणल्यापासून पहिल्यांदा. तुम्हाला त्यांचा रागच दिसला, बहिणीवरचा जीव दिसला नाही.

अक्षय तृतीयेला, तीस तारखेला नदीकाठच्या पिंपळाशी लावायचं ठरलं आहे. मी मुद्दाम कळवते, कारण मला वाटतं तुमच्याही जिवाला शांतता मिळेल. मागचं जे काही असेल ते असो. जाताना तरी ती कोणाची तरी होऊन जाईल.

तिच्या बांगड्यांचं माप पाहिजे होतं. आणि साडी हिरवी आवडेल की पिवळी?

गोपिका


हुडकेश्वर,
२४ एप्रिल
(स्पीड पोस्ट)

गोपिकावहिनी,

बांगड्यांचं माप मला माहीत नाही. तिनं कधी घातल्याच नाहीत. साडी दोन्ही रंगांची आवडणार नाही.

तुमचं पत्र वाचून आधी मी हसले. शेजारची मुलगी विचारायला आली, काकू काय झालं? तिला काय सांगू, की माझ्या माणसाचं लग्न ठरलंय, मुलगा नदीकाठचा आहे, निर्व्यसनी, कुठं फिरत नाही, आणि माझ्याकडून बांगड्यांचं माप मागितलंय. ती गेली आणि मग मला रडू आलं. दुपारपर्यंत आवरलं नाही.

वहिनी, या देशात मला तिच्याशी लग्न करता येत नाही. पिंपळाला येतं. पिंपळाला कोणी 'नातं काय' विचारत नाही, पोलीस पेन खाली ठेवत नाहीत, तुमचे यजमान त्याला दारात पाय टाकून दाखव म्हणत नाहीत. मी तिच्याबरोबर सत्तावीस दिवाळ्या केल्या. तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन, माझा टायफॉइड, तिच्यावरची खात्यातली चौकशी, माझ्या आईचं मरण, सगळं एका छपराखाली काढलं. आणि तुमच्या घराण्याच्या लेखी ती अजून कुवारच. तुम्ही लिहिलंत, जाताना कोणाची तरी होऊन जाईल. ती माझी आहे. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

रुपरावांचं रडणं मी खोटं म्हणत नाही. बहीण मोकळी जावी असं त्यांना मनापासून वाटत असेल. पण ते ज्याला पुण्य समजतात, त्यानं आमची सत्तावीस वर्षं पुसली जातील. आणि ती हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघत पडलेली असेल. तिचे शब्द गेलेत, समज गेलेली नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. मार्चच्या शेवटी मी खाप्याला येऊन गेले. बसमधून उतरून तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. दारात रुपराव खाटेवर बसले होते, त्यांच्या मागच्या खिडकीला पडदा होता. मी एका दुकानदाराला भलताच पत्ता विचारला आणि परत फिरले. सत्तावन्न वर्षांची बाई, पत्ता चुकल्याचं नाटक करते. आता पुन्हा तेवढंही जमणार नाही. पोलीस घेऊन आले तर तमाशा होईल, आणि तो तिच्याच अंथरुणापाशी होईल. मी भांडायला येणार नाही.

एवढंच मागते. हळद लावण्याआधी तिला विचारा. तिला विचारता येतं. तिचा डावा हात तुमच्या हातात घ्या आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. हो असेल तर ती हात दाबते, नाही असेल तर काढून घेते. दवाखान्यात आम्ही असंच बोलायचो, शेवटच्या दिवसापर्यंत. वकीलबाई म्हणाल्या, कोर्ट हे बोलणं धरेलच असं नाही, पण तुम्हाला ते पुरेल. तिनं हो म्हटलं तर मी तुम्हाला पुन्हा कधी लिहिणार नाही, आणि त्या पिंपळाला नमस्कार करीन.

वैदेही


खापा,
२ मे
(नागपूरला निघालेल्या ओळखीच्या बाईच्या हाती)

वैदेहीबाई,

तुमचं पत्र अठ्ठावीसला मिळालं. विचारायचंच नाही असं मी ठरवलं होतं. विचारलं आणि तिनं नाही म्हटलं, तर ते माझ्या डोक्यावर बसणार, आणि माझ्या डोक्यावर आधीच काय कमी आहे?

तीस तारखेला सकाळी अंगणात पाट मांडले. तिला नदीपर्यंत नेणं झेपणार नव्हतं, म्हणून पिंपळाची फांदी आणून कुंडीत रोवली आणि त्या फांदीलाच मुंडावळ्या बांधल्या. महादेवराव आणि भाऊबंदांतली दहा-बारा माणसं जमली होती, माझी लेक कामिनी तिच्या सासूला घेऊन आली होती. मी हळदीची वाटी घेऊन आत गेले आणि काय झालं माझं मला कळेना, मी दार लोटून घेतलं. तिचा हात धरला.

"दामिनी, तुले पिंपळाची हळद लावतो. चालते?"

हात काढून घेतला. मला वाटलं माझ्या नखानं दुखलं असेल. परत धरला, परत विचारलं. परत काढला. मग जे मला विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"तुह्यं लग्न झालं हाय का वं?"

दाबला. इतक्या जोरात की माझी अंगठी बोटात रुतली.

"वैदेहीबाईसंग?"

दाबला तो दाबूनच ठेवला. मी सोडवायला गेले तर सोडेना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, दोन्ही बाजूंनी. मीही तिच्याजवळ खाली बसले.

बाहेर आले तेव्हा वाटी भरलेलीच होती. महादेवराव म्हणाले, "लागली का हळद?"

"लावता येत नाही मामंजी," मी म्हटलं. "ते कुवार नाही."

"म्हंजे?"

"लग्न झालं हाय तिचं. सत्तावीस वर्सं झाले. नागपुरात."

"आमाले कोणी सांगतलं नाही," म्हातारा म्हणाला. "मंग नवरा कुठी हाय? जिता हाय का मेला?"

"जिती हाय," मी म्हटलं. "हुडकेश्वरले राहते."

कोणीतरी फिसकन हसलं. कामिनीची सासू उठली, चपला घातल्या आणि कामिनीला दंडाला धरून घेऊन गेली. ह्यांनी ती फांदी कुंडीतून उपटली आणि भिंतीपलीकडे फेकली, मुंडावळ्यांसकट. मला वाटलं आता माझ्यावर हात उगारतात. महादेवराव मात्र काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. मग उठले आणि म्हणाले, "मले बाकीचं काई समजत नाही रुपराव. माह्या वयात समजूनही काय करू. पण जिचं एकडाव झालं अन् जोडीदार जिता हाय, तिचं दुसऱ्यांदा लावता येत नाही गा. तेवढं नाही करता येत." आणि निघून गेले. त्यांच्यामागे सगळे गेले.

हे मग माझ्यावर ओरडले. सगळी गल्ली ऐकत होती. "लग्नाची पोरगी मी माहेरी कायले ठेवू? जिथं गेली होती तिथं नेऊन घाल तिले. अन् तूही तिकडंच राय!" अपमान करायचा म्हणून म्हणाले. मी मात्र तो शब्द धरून ठेवला. संध्याकाळी विचारलं, गाडी कधीची सांगू? ताट तसंच ठेवून उठले. काल परत विचारलं. म्हणाले, "रविवारची सांग." आणि वावरात निघून गेले. तेव्हापासून तिच्या खोलीकडे फिरकलेले नाहीत. पण काल कोणी नाही असं समजून दारातून तिच्याकडे पाहत उभे होते, ते मी पाहिलं.

तुम्हाला गोड वाटेल असं काही लिहिणार नाही. मला सगळं पटलंय असं नाही. तुमचं पत्र फाडताना जे वाटलं होतं त्यातलं थोडं अजून आत आहे. कामिनीचा फोन लागत नाही, तिच्या सासरी काय चाललं असेल म्हणून दर तासाला परत लावून पाहते. रविवारी तिला पोचवून मी परतेन तेव्हा हे दार उघडतील की नाही, सांगता येत नाही. तेहतीस वर्षं जेवू घातलंय, भूक लागली की उघडतील. आणि हेही खरं आहे की ती गेल्यावर मी दुपारी जरा आडवी होईन, त्याचाही मला मोह आहे. पण तिनं माझा हात धरून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ऐकून न ऐकल्यासारखं करायला मला जमलं नाही.

रविवारी, चार तारखेला, सकाळी नऊला आम्ही निघू. मी तिच्यासोबत येणार आहे, आणि लगेच परतणार नाही. आमच्याकडे पोरगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जाते, ती तिथं रुळेपर्यंत राहते. दामिनी तुमच्याकडे आली तेव्हा आमच्या घरातलं कोणी आलं नव्हतं. म्हणून आता मी येते. दोन दिवस राहीन. जिना असेल तर उचलायला दोन माणसं सांगून ठेवा.

गोपिका